न सांगता एक काम

१

चौतीस वर्षं मी एका रंगाच्या दुकानात रंग जुळवून द्यायचं काम केलं. लोक भिंतीचा टवका आणायचे, पडद्याची चिंधी आणायचे, एक बाई तर बरणीचं झाकण घेऊन आल्या होत्या, आणि म्हणायचे, "अगदी असाच द्या." मी अगदी तसाच द्यायचो. तुम्हाला माणसांपेक्षा भिंती जास्त कळतात, असं माझी बायको म्हणते. तिचं म्हणणं खोडून काढायच्या भानगडीत मी निवृत्त झाल्यापासून पडत नाही.

आमचं हे घर जुनं आहे. खाली तीन खोल्या, वर एक, मागे छोटं अंगण आणि त्यात लिंबाचं झाड. राहायला येण्याआधी सगळ्या भिंती मी स्वतः रंगवल्या. मागच्या खोलीला फिका, सायीसारखा रंग दिला. रोज सकाळी चहा झाला की मी तिथे खिडकीपाशी खुर्ची टाकून पेपर वाचतो. आठ महिने हा क्रम बिनबोभाट चालला होता.

एक दिवस खुर्ची सरकवली, तर खिडकीला लागून असलेल्या डाव्या भिंतीवर एक डाग दिसला. तळहाताएवढा, गोलसर, किंचित पिवळट. हा डाग मी ओळखतो. रोज एकाच जागी भिंतीला डोकं टेकून बसलं की केसांच्या तेलाने असा पडतो. दुकानात अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना तोटा नव्हता. उंची बघितली. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाचं डोकं बरोबर तिथे येईल.

मला बरं वाटलं. बायको दुपारी इथे येऊन बसते तर! मी मोठ्या कौतुकाने कपाटातली मऊ उशी काढली आणि डागाखाली जमिनीवर ठेवली. तिचे गुडघे दुखतात आणि गेली सहा वर्षं ती जमिनीवर बसलेली नाही, हे मला आठवलं खरं. पण ते आठवायला संध्याकाळ उजाडली.

दुसऱ्या दिवशी उशी माझ्या खुर्चीवर होती. झटकून, नीट कोपरे काढून ठेवलेली.

२

आमच्यातली एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बायको लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स होती. लग्न झालं तेव्हा तिच्या पाळ्या आणि माझं दुकान यांच्यात आम्ही एकमेकांना जागेपणी फारसे भेटतच नसू. तेव्हा एक रीत पडली. घरातून निघताना दुसऱ्यासाठी एक काम करून ठेवायचं. छोटंसंच. शर्टाचं तुटलेलं बटण लावायचं, पाण्याची बाटली भरून उशाशी ठेवायची, छत्री वाळवून घडी करायची. आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. केलंय म्हणून सांगायचं नाही, केलंस का म्हणून विचारायचं नाही, आभार तर नाहीच नाही. "विचारलं की त्याचा उपकार होतो," ती म्हणायची. नियम तिचा होता, पाळला दोघांनी.

मग कधीतरी ती रीत बंद पडली. नक्की कधी ते सांगता येणार नाही. भांडण झालं असतं तर तारीख तरी लक्षात राहिली असती. लेक लग्न करून दूरच्या गावी गेली, आम्ही दोघं निवृत्त होऊन दिवसभर एका छपराखाली राहायला लागलो, आणि लक्षात आलं की आपल्याजवळ बोलायला काहीच नाही. दोन वर्षं आम्ही "दूध आलं का" आणि "दार लावून घे" यावर काढली. शेवटी लेकच म्हणाली, "तुम्हाला वेगळं राहायचं असेल तर तसं सांगा. तुमच्यामध्ये निरोप पोचवायचं काम मला जमणार नाही."

तेव्हा ठरलं: घर बदलून बघू. एक वर्ष. जमलं तर जमलं. नाही जमलं तर ती तिच्या बहिणीकडे जाईल आणि माझं मी बघेन.

या घरातल्या तिसऱ्याच सकाळी जाग आली, तर उशाशी माझा चष्मा घडी घालून ठेवला होता आणि काचा पुसलेल्या होत्या. मी काचा कधी पुसत नाही; धुरकट जग मला चालतं. मी तो चष्मा हातात धरून पलंगावर बसून राहिलो आणि मला रडू आलं. साठी उलटलेल्या माणसाने सांगायची गोष्ट नाही, पण आलं. त्या दिवशी मी तिची पाण्याची बाटली भरून ठेवली. चौथ्या दिवशी माझ्या शर्टाला बटण लागलं होतं. पाचव्या दिवशी ती भाजी चिरताना गुणगुणत होती. आठवड्याभरात आम्ही जेवताना बोलायला लागलो, महिन्याभरात भांडायलासुद्धा. आमचं पुन्हा जमलं.

३

वर्ष पुरं व्हायला चार महिने होते. ते पुरं होईल त्या दिवशी बायकोला काहीतरी द्यावं असं माझ्या मनात आलं. साड्या तिला आवडतात त्या मला आवडत नाहीत, आणि उलटं. मग सुचलं, आपण घराची वही करावी. एकेका पानावर एकेका जुन्या रंगाचा टवका चिकटवायचा आणि खाली लिहायचं, हा रंग होता तेव्हा इथे कोण राहत होतं. ज्या घराने आपल्याला सांभाळून घेतलं, त्याची ओळख नको का करून घ्यायला?

भिंत वाचायची एक पद्धत असते. पातळ पात्याच्या सुरीने वरचा थर बोटभर रुंदीचा खरवडायचा. त्याच्या शेजारी दोन थर. त्याच्या शेजारी तीन. जिन्याच्या पायऱ्यांसारखे सगळे रंग ओळीने दिसायला लागतात. दर मंगळवारी बायको गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात लसीकरणाला मदत करायला जाते. तो वेळ माझा. कुठलीतरी जागा खरवडायचीच होती, म्हणून डागाचीच निवडली. नाहीतरी ती पुन्हा रंगवावी लागणारच होती.

माझ्या सायीच्या रंगाखाली पिस्ता रंग निघाला. त्यावरही डाग होता, त्याच जागी. यात काही विशेष नाही. तेल झिरपतं, खालचा डाग वर येतो किंवा वरचा खाली जातो. पण दोन्हींच्या मधे मी स्वतः लावलेली पुट्टी होती, आणि ती कोरी, पांढरीशुभ्र होती. झिरपलं असतं तर वाटेत पुट्टीवर खूण सोडून गेलं असतं. मी सुरी पुसली आणि पुढे गेलो. पिस्त्याखाली गुलाबी. डाग. गुलाबीखाली निळा. डाग. प्रत्येक दोन रंगांच्या मधला पुट्टीचा थर स्वच्छ, आणि प्रत्येक रंगावर त्याच उंचीला कुणीतरी डोकं टेकलेलं.

बिऱ्हाडं बदलली असतील, जागा तीच आवडत असेल, असं मी स्वतःला समजावलं. खिडकीतून वारा येत असेल. खात्री करायला मी स्वतः तिथे मांडी घालून बसलो आणि डोकं टेकलं.

वारा येत नव्हता. खिडकीबाहेरचं काही दिसतही नव्हतं. उघड्या दारातून दिसत होते आमचे दोन पलंग, जेवायचं टेबल, आणि बाहेरच्या दाराजवळची चपलांची जागा. एवढंच, पण ते अगदी नीट दिसत होतं.

४

नगरपालिकेच्या कचेरीत जुन्या नोंदी बघू देणारा कारकून माझं जुनं गिऱ्हाईक निघाला. त्याच्या बैठकीच्या खोलीला मी एकदा मोतिया रंग जुळवून दिला होता. ते त्याच्या अजून लक्षात होतं. त्यामुळे काम झटक्यात झालं. पिस्ता रंग होता तेव्हा घरात एक घड्याळ दुरुस्त करणारे गृहस्थ आणि त्यांची बायको राहत. ते वारले, घर आम्हाला विकलं ते त्यांच्या भाच्याने. त्या काकू आता भाच्याकडे असतात.

मी गेलो तेव्हा त्या गॅलरीत ऊन खात बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, पण आवाज खणखणीत. घराबद्दल विचारलं तर चेहरा उजळला.

"फार सुखाचं घर हो! एकेचाळीस वर्षांत मी माहेरी गेले नाही, बोला. जायचं म्हटलं की काहीतरी निघायचं आणि राहूनच जायचं. पण कधी चुकल्यासारखं वाटलं नाही."

"मागच्या खोलीत खिडकीपाशी कुणी बसायचं का? जमिनीवर?"

"हे बसायचे," त्या लगेच म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "म्हणजे, मला वाटायचं हे बसतात."

त्या पुढे सांगायला लागल्या.

"माझी उशी रोज उन्हात घातलेली असायची. रोज. मी म्हणायची, माणूस बोलत नाही पण जीव आहे. तर हे जायच्या आठ दिवस आधी माझा हात धरून म्हणाले, 'माझं भिंग तू इतकी वर्षं पुसून ठेवलंस, मी कधी बोललो नाही.' ते घड्याळं बघायचं भिंग हो, डोळ्याला लावायचं."

"मग?"

"त्या भिंगाला मी जन्मात हात लावला नव्हता. लावूच देत नसत."

"तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

"हो म्हणाले. जाणाऱ्या माणसाला काय सांगू?" त्या समोरच्या गच्चीकडे बघत राहिल्या. "उशीचं मात्र विचारलं नाही मी. विचारलं नाही म्हणून तर एकेचाळीस वर्षं बरी गेली."

आत भाचा कप मांडत होता. काकूंनी पदर सारखा केला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तुम्ही दोघंच असता?"

"दोघंच."

"सुखात आहात?"

"हो."

"मग चहा घ्या," काकू म्हणाल्या, आणि विषय बदलला.

५

परत येताना मी मनाची समजूत घातली. म्हातारपणी आठवणींची अदलाबदल होतेच. माझी आई शेवटी शेवटी माझ्या लग्नाच्या गोष्टी माझ्या भावाच्या म्हणून सांगायची. पण घरी आल्यावर चष्मा पुसलेला दिसला, आणि बायकोकडे बघून मी तोंडभर हसलो नाही. तिने विचारलं, "काय झालं हो?" मी म्हणालो, ऊन लागलं.

गुलाबी रंगाच्या काळात घरात टायपिंगचे वर्ग होते. चालवणारे नवरा-बायको अवघी चार वर्षं राहिले. त्यातले गृहस्थ अजून याच शहरात, एका दुकानावरच्या एका खोलीत राहतात आणि लोकांचे अर्ज टाइप करून देतात. मी बोलत असताना त्यांनी यंत्र थांबवलं नाही.

"चार वर्षं," ते म्हणाले. "त्यातली पावणेचार फार चांगली."

"आणि शेवटचे तीन महिने?"

"शेवटच्या तीन महिन्यांत आम्ही विचार करत होतो, विचारावं का. मग विचारलं." खटखट चालूच होती. "रविवारी जेवताना. मी कौतुक करायला गेलो हो. म्हणालो, माझ्या रिबिनी तू किती छान गुंडाळून ठेवतेस. ती म्हणाली, मी नाही. पण माझ्या रुमालांना इस्त्री तुम्ही करता ना? मी म्हणालो, मला इस्त्री कुठे येते! आम्ही हसलो. हसता हसता थांबलो. मग दोघांनीही मागच्या खोलीकडे बघितलं."

"काय दिसलं?"

यंत्र थांबलं. "दार अर्धं लोटलेलं होतं. ते आतून कुणीतरी हळूच पुरतं लावून घेतलं. माणूस ओशाळला की लावून घेतो, तसं."

खालच्या दुकानात कुणीतरी शटर ओढत होतं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चपला दारात होत्या," ते म्हणाले. "पुसलेल्या. तिचा जोड, माझा जोड, शेजारी शेजारी. तोंडं बाहेर."

"म्हणून घर सोडलंत?"

"घर सोडलं ते सोडलं. ती तिच्या भावाकडे गेली, मी इकडे आलो."

"पण तुमचं तर चांगलं चाललं होतं."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आमचं कुठे? ती माझ्यासाठी काही करत नव्हती, मी तिच्यासाठी काही करत नव्हतो. एकदा हे कळल्यावर समोरासमोर बसून बोलणार काय?"

त्यांनी नवा कागद चढवला. निघताना मी त्यांच्या दाराजवळ माझ्या चपला शोधल्या तेव्हा त्या जशा काढल्या तशाच पडल्या होत्या, एक उलटी, एक पायरीवर. मला उगीचच हायसं वाटलं.

६

पुढच्या मंगळवारी बायको नऊ वाजता दवाखान्यात गेली. मी बाहेरच्या दाराला आतून कडी घातली. चष्म्याच्या दोन्ही काचांवर लोण्याचा अंगठा उमटवला, चष्मा उशाशी ठेवला, आणि मागच्या दाराने अंगणात जाऊन लिंबाखाली बसलो. तिथून मागचं दार दिसतं आणि मागच्या खोलीची खिडकी दिसते. घरात शिरायचं तर माझ्या डोळ्यांदेखतच शिरावं लागलं असतं. लख्ख ऊन होतं. शेजारी कुणीतरी सतरंज्या झटकत होतं. आपण काय हा पोरखेळ मांडला आहे, असं मला दोनदा वाटलं.

सतरंज्या झटकून झाल्या. मग खिडकीतून एक आवाज आला.

हाऽ.

अगदी हलका, तोंड उघडून सोडलेला श्वास. थोडं थांबून पुन्हा एकदा, हाऽ. काचेवर वाफ सोडताना होतो तो आवाज. दोन काचा, दोनदा.

मी उठून उभा राहिलो. चष्म्याशिवाय मला लांबचं बरं दिसतं. खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कडेला डोक्याचा माथा दिसत होता. नीट भांग पाडलेला. तो काहीतरी बघायला खाली झुकला होता. मग वर आला, मागे गेला आणि भिंतीला टेकला. दिवसाचं काम उरकल्यावर टेकतो तसा. बाईचं डोकं होतं की पुरुषाचं, ते कळलं नाही. केसांचा रंग विचाराल तर चौतीस वर्षांत पहिल्यांदाच मला सांगता येणार नाही.

आत गेलो तेव्हा खोली रिकामी होती. चष्मा उशाशी होता, घडी घातलेला, स्वच्छ. काचा कोमट होत्या.

भीती वाटली, पण ती नंतर. आधी वाईट वाटलं. आठ, नऊ, दहा महिने मी ज्या चष्म्यावर जगत होतो तो तिने पुसला नव्हता. बटण तिने लावलं नव्हतं. की लावलं होतं? ती गुणगुणत होती ते कशामुळे? तिलाही उशाशी काहीतरी सापडत असेल आणि ती ते माझ्या नावावर जमा करत असेल. मी हिशेब लावायला बसलो आणि खात्रीने माझं म्हणता येईल असं एकच निघालं. पाण्याची बाटली मी भरत होतो.

त्याच दुपारी मी निळ्याखालचा थर काढला. खाली चुना होता. भिंत बांधली तेव्हाचा पहिला हात, घरात कुणी राहायला येण्याआधीचा. डाग त्यावरही होता. चुन्याखाली दगड. दगडावर मी बघितलं नाही.

७

खरवडलेली जागा मी बुजवली, रंगाचे दोन हात मारले, वही रद्दीत टाकली. आता प्रश्न एवढाच होता की बायकोला सांगायचं का. सांगितलं तर टायपिंगवाल्यांसारखं होणार, आणि या वयात मी पुन्हा "दूध आलं का" वर दिवस काढू शकलो नसतो. न सांगावं, तर तिने कधी कौतुकाने विचारलं तर?

वर्ष पुरं झालं त्या दिवशी लेकीचा फोन आला. तिला नववा लागला होता. "काय ठरलं तुमचं?" तिने विचारलं. बायको म्हणाली, "ठरायचं काय त्यात? इथेच राहणार." लेक फोनवर रडली, मग हसली. "मग पुढच्या महिन्यात दोघंही या. आई, तू पाहिजेस मला तेव्हा. शब्द दे." बायकोने शब्द दिला. आयुष्यभर परक्यांची मुलं हातात घेतली, आता स्वतःच्या नातवंडाला घेणार, म्हणून ती दिवसभर हवेत होती.

संध्याकाळी आम्ही टेबलापाशी चहा घेत बसलो. समोर मागच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं.

"अहो, एक विचारू?" ती म्हणाली. "आपल्या नियमात बसत नाही. पण आज वर्ष झालं."

मी बशी टेबलावर ठेवली.

"माझ्या घरातल्या चपला. मी कशाही टाकते, तुम्हाला माहीत आहे. सकाळी पलंगाशी सुलट असतात, पाय घातला की झालं. पहिल्या आठवड्यापासून. ते तुम्ही..."

"मीच," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मूल "दुखत नाही" म्हणालं की नर्स जशी बघते, तशी. मग तिने कप खाली ठेवला.

"वाटलंच मला," ती म्हणाली. आणि जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "चष्मा मी पुसते बरं का. मंगळवारीसुद्धा."

मंगळवारचं मी तिला कधी बोललो नव्हतो.

आम्ही दोघांनी एकमेकांचे हात धरले. तिचे गार होते, माझे घामेजले होते. मला ती लग्नाच्या दिवशी आवडली नव्हती एवढी त्या क्षणी आवडली. ती सपशेल खोटं बोलली होती, माझ्यासाठी. आणि या घरात तिने माझ्यासाठी केलेलं, मला खात्रीने माहीत असलेलं, हे पहिलं काम होतं. मीही तिच्यासाठी तेच केलं होतं. आता बाटली आणि हे, अशी माझी दोन झाली.

मागच्या खोलीचं दार हळूच, पुरतं उघडलं. वारा नव्हता. आम्ही कुणी तिकडे बघितलं नाही. बायकोने विचारलं, "अजून चहा?" मी म्हणालो, अर्धा.

८

लेकीकडे निघायच्या सकाळी पिशव्या भरून झाल्या होत्या. बाळंतिणीसाठी बायकोने काय काय घेतलं होतं, त्याची यादी माझ्या हातात होती. गाडी दहा वाजता येणार होती. पावणेदहाला आम्ही बाहेरच्या दाराशी गेलो.

चपला दारात होत्या. पुसलेल्या. तिचा जोड, माझा जोड, शेजारी शेजारी. तोंडं आत.

बायकोच्या हातातली पिशवी खाली आली. ती बराच वेळ चपलांकडे बघत होती. मग तिने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "तुम्ही ठेवल्यात ना?"

मी नाही म्हणू शकलो असतो. तोंडात शब्द तयार होता. पण ते "नाही" एवढ्यावर थांबलं नसतं; ते मागे मागे जात चष्म्यापर्यंत गेलं असतं, बटणापर्यंत, ती गुणगुणली त्या सकाळपर्यंत. मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं.

"हो," मी म्हणालो. "मीच ठेवल्या."

"तुम्हाला नाही जायचं."

"उद्या जाऊ."

"उद्या जाऊ," ती म्हणाली. तिने लेकीला फोन लावला आणि बाबांना जरा बरं नाही म्हणून सांगितलं. आवाज अजिबात कापला नाही. मग ती आत गेली आणि पिशव्या रिकाम्या करायला लागली. मी गाडीवाल्याला परत पाठवलं.

याला चार महिने झाले. आमचं छान चाललं आहे. भांडतो, हसतो, दुपारी एकमेकांना पेपर वाचून दाखवतो. भिंतीवरचा डाग पुन्हा आला. मी तो आता रंगवत नाही. लेक सुरुवातीला रोज फोन करायची, मग चिडून करायची, आता आठवड्यातून एकदा करते आणि थोडक्यात बोलते. येते म्हणाली होती, तेव्हा बायकोनेच घाईने, "एवढ्यात नको गं, बाळ लहान आहे," म्हणून टाळलं. फोन ठेवल्यावर ती मागच्या खोलीच्या दाराकडे बघून हसली. मी विचारलं नाही.

काल नातीचा फोटो आला. पालथी पडायला लागली आहे. मी तो खिडकीपाशी उजेडात नेऊन बघितला. जिवणी बायकोची आहे, कान माझे. डाव्या भुवईवर एक बारीक तीळ आहे. चष्मा पुसलेला होता, म्हणून तोसुद्धा दिसला.